परवाची प्लेट

"गेली राणी," असं म्हणून फारुख हात झटकून मागे टेकला. खेळ संपल्यातच जमा होता. लाल सोंगटी डाव्या भोकाच्या अगदी ओठावर बसली होती, नुसती फुंकर मारली असती तरी आत पडली असती. आणि स्ट्रायकर होता कर्णिक मॅडमच्या हातात.

मी पुण्यात पीएचडी करत होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या संस्थेच्या कॅन्टीनमागे एक लांबट व्हरांडा होता आणि तिथे कॅरमचा बोर्ड. चारच्या चहाला तिथे सगळे जमायचे, आणि डॉ. इंदुमती कर्णिक, म्हणजे माझ्या गाइड, तिथे येऊन एकेकाला धूळ चारायच्या. साठीला टेकलेली बाई, कॉटनची कडक इस्त्रीची साडी, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. लॅबमध्ये त्यांचा दरारा असा की त्या आत आल्या की पंखासुद्धा हळू फिरतो असं फारुख म्हणायचा. पण कॅरमवर बसल्या की बाई वेगळीच व्हायची. "ये, ये, तुझी विकेट काढते," असं म्हणत हसायच्या. तीन वर्षांत त्यांना कोणी हरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी नेम धरला, तर्जनी मागे ओढली, आणि स्ट्रायकर राणीला न शिवता सरळ जाऊन पलीकडच्या लाकडावर आपटला.

मागे टेकलेला फारुख सरळ बसला.

"पावडर कमी पडलीय," मॅडम म्हणाल्या.

पावडर इतकी होती की फारुखची काळी पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती. पण बोलायची कोणाची टाप? मॅडमनी उजवा हात पदराखाली घेतला आणि पुढची खेळी डाव्या हाताने केली. "तुम्हा पोरांना जरा संधी देते," म्हणाल्या. अर्थातच हरल्या. फारुख शिकलगार मिरजेचा, माझ्याबरोबरच मॅडमकडे पीएचडी करणारा. मॅडमना एकदा तरी हरवायचं हे त्याचं किती दिवसांचं स्वप्न! आणि आता ते पुरं झालं तर बिचाऱ्याला जिंकल्याचा चेहरासुद्धा करता येईना.

जिन्यात मी मॅडमना गाठलं. डाव्या हाताचीही बोटं सुजलेली दिसत होती.

"मॅडम, बोट सुजलंय का?"

"दारात सापडलं."

"दोन्ही हातांची सापडली?"

त्या थांबल्या. मी बार्शीची, तोंडाने जरा फटकळ, आणि ते त्यांना ठाऊक होतं. माझं नाव वनिता ढगे. त्यांना वनिता कधी आठवायचं नाही, ढगे मात्र फार आवडायचं.

"ढगे, तुझं डोकं ढगातच बरं असतं. उगाच खाली आणू नकोस. दाखवणार आहे मी डॉक्टरला."

"कधी?"

"परवा."

आता यात एवढं काळजीचं काय, असं कोणालाही वाटेल. वय झालं की बोटं दुखतात. पण आम्ही लॅबमध्ये दिवसभर काय करत होतो हे सांगितलं की कळेल मी का घाबरले ते.

आपलं हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नव्याने बांधलं जातं. शरीरात या मोडतोडीसाठी खास पेशी असतात. त्या हाडाला चिकटतात आणि विरघळवून, कुरतडून खड्डा पाडतात. मग बांधणाऱ्या पेशी येतात आणि तो खड्डा भरतात. दोघींचं जमलं तर हाड धडधाकट. पण या मोडणाऱ्या पेशी हुकमाच्या ताबेदार असतात, आणि त्यांना हुकूम पोचतात ते रोगप्रतिकारक पेशींकडून. या पेशी बारीक बारीक रेणू सोडतात. आम्ही लॅबमध्ये त्यांना निरोप म्हणायचो. काही निरोप 'या, कामाला लागा' असे. काही 'थांबा' असे. आमवाताच्या एका प्रकारात ही प्रतिकारशक्तीच बिथरते, सांध्यात ठाण मांडून बसते आणि 'या, या' असा नुसता पुकारा करत राहते. मग मोडणाऱ्या पेशी हातापायांची हाडं कडेकडेने खात सुटतात. सुरुवात कुठून होते? पुष्कळदा हाताच्या बोटांच्या मुळांशी. दोन्ही हातांना, जोडीने. सकाळी बोटं आखडतात, मुठी वळत नाहीत.

हे मला कोणी शिकवलं? कर्णिक मॅडमनीच.

मग मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन लॅबचं दार उघडणाऱ्या मॅडम अकराला यायला लागल्या. मनगटावरचं घड्याळ गेलं. विचारलं तर म्हणाल्या, "पट्टा तुटलाय." घड्याळ त्यांच्या पर्समध्ये होतं, पट्ट्यासकट, मी डोळ्यांनी पाहिलं. अंबाडा गेला आणि त्या जागी एक मोठा प्लास्टिकचा चाप आला, कॉलेजच्या पोरी लावतात तसला. बाटलीचं झाकण उघडायचं असलं की "फारुख, जरा हे बघ रे," अशी हाक. फारुखला आधी वाटलं आपली बढती झाली. नंतर त्यालाही उमगलं.

"तू बोल की," तो मला म्हणाला. "तू बायकांतली."

"म्हणजे काय? बायकांना त्या खात नाहीत?"

"मला तर कच्चं खातील."

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच. परवा. कॅरमला त्या यायच्या बंद झाल्या. बोर्ड भिंतीला टेकून उभा राहिला आणि चार वाजता आम्ही नुसताच चहा प्यायला लागलो. मला मनापासून वाईट वाटायचं. त्या बाईचा तेवढा एकच विरंगुळा होता. लग्न केलेलं नाही, घरी आई होती ती जाऊन वर्षं झालेली. संध्याकाळ झाली की एकटीने घरी जायचं आणि पेपर वाचत बसायचं.

अशात माझ्या चुलतबहिणीचं बार्शीला लग्न निघालं. मी आठवडाभर रजा टाकली.

जाण्याआधी सोमवारी मी एक प्लेट लावली. प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढा प्लास्टिकचा ट्रे, त्यात छोट्या छोट्या वाट्या. त्या वाट्यांत अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी सोडायच्या आणि वरून विरजण घालायचं. विरजण हा मॅडमचा शब्द. खरं नाव लांबलचक आहे, पण तो एक 'या' म्हणणारा निरोपच. तो मिळाला की सुट्या पेशी एकमेकींना जाऊन मिळतात आणि त्यांच्या मोठ्या, हाड मोडणाऱ्या पेशी तयार होतात. दुधाचं दही लागतं तसंच, म्हणून विरजण. नवीन मुलांना मॅडम हे एकदाच सांगायच्या आणि ते कोणी जन्मात विसरायचं नाही. सोमवारच्या प्लेटमध्ये मी नुसतं विरजण घातलं, कारण मला पुढच्या एका कामासाठी मोठ्या पेशी तयार हव्या होत्या. शुक्रवारी फारुख माझ्यासाठी दुसरी प्लेट लावणार होता. तिच्यात विरजणाबरोबरच इंटरफेरॉन घालायचं होतं. हा 'थांबा' म्हणणारा निरोप. तो विरजणाबरोबर गेला की दही लागतच नाही, मोठ्या पेशी होत नाहीत. हे जगाला ठाऊक होतं, माझा प्रबंध त्याच्या पुढचा होता.

रविवारी मी लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन परतले. सोमवारी लॅबमध्ये येऊन बघते तो काय? माझ्या जुन्या प्लेटच्या झाकणावर फारुखच्या अक्षरात 'इंटरफेरॉन घातलं' असं लिहिलेलं, आणि शुक्रवारच्या प्लेटवर काहीच नाही. म्हणजे जिथे घालायचं नव्हतं तिथे घातलं, आणि जिथे घालायचं होतं ती कोरडी!

"फारुख!"

तो लाडू खात होता. माझा आवाज ऐकून त्याने उरलेला अर्धा खाली ठेवला.

"काय झालं?"

"काय केलंस हे? या प्लेटमध्ये कशाला घातलंस?"

"मॅडमनी सांगितलं. बुधवारी नागपूरहून त्यांचा फोन आला होता. तिकडे तोंडी परीक्षेला गेल्या होत्या ना? म्हणाल्या, ढगेची परवाची प्लेट आहे, तिच्यात इंटरफेरॉन घालायला विसरू नकोस."

"परवाची म्हणजे शुक्रवारची!"

"बुधवारी परवा म्हटलं की सोमवार पण होतो की! तू सोमवारी लावून गेलीस. मी आत बघितलं, परवाची प्लेट समोरच होती. घातलं. वाटलं, मॅडमनी अदलाबदल केली, म्हणून शुक्रवारच्या प्लेटला नुसतं विरजण."

मी कपाळावर हात मारला. तो म्हणत होता त्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून तर जास्तच राग येत होता. काल आणि उद्याला आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. पण त्यांच्या पलीकडे गेलं की मागचंही परवा आणि पुढचंही परवा! कोणी ठेवलं असेल असं? आम्ही भांडत भांडत मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटलं आता फारुखची खैर नाही. त्या चक्क हसल्या.

"मी म्हणाले ते पुढचं परवा. पण हा तरी काय करणार? शब्दच दोन्हीकडे तोंड करून बसलेला."

"मग या प्लेट टाकून देऊ?"

"टाकायच्या कशाला? चुकलेल्या प्लेटलाही रंग द्यायचा. किती वेळा सांगितलंय?"

हा त्यांचा नियमच होता. चुकली म्हणून कुठलीही प्लेट न बघता फेकायची नाही. आम्ही तोंडं पाडून दोन्ही प्लेटना रंग दिला. या रंगात मोठ्या पेशी आमसुलाच्या सारासारख्या लालभडक होतात आणि बाकीच्या फिक्या राहतात, त्यामुळे ओळखायला सोपं. शुक्रवारची प्लेट अजून कच्ची होती, तिच्यात विशेष काही नव्हतं. मग सोमवारची मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मी दचकलेच.

"फारुख, इकडे ये. तू खरंच घातलं होतंस?"

"आईशप्पथ."

"मग हे काय?"

वाटी नुसती लालेलाल झाली होती. मोठ्या मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या पेशी, जत्रेत बायका बसतात तशा ऐसपैस. जणू कोणी त्यांना थांबा म्हणालंच नव्हतं.

माझा पहिला संशय इंटरफेरॉनच्या कुपीवर. खराब झालं असणार. मी पुन्हा नव्या प्लेट लावल्या, त्याच कुपीतलं घेतलं. एकीत विरजणाबरोबर घातलं, दुसरीत विरजण लागून दोन दिवस झाल्यावर. मुदत भरल्यावर रंग दिला. पहिलीत लाल टिपूससुद्धा नव्हता. दुसरीत पुन्हा तीच जत्रा.

आई गं! मला वाटलं मी केवढा शोध लावला. तोच निरोप, तीच कुपी, फरक फक्त वेळेचा. आधी सांगितलं तर पेशी मुकाट्याने ऐकतात. एकदा विरजण लागून त्यांनी मनाशी ठरवलं की मग तुम्ही कंठशोष करा, ढिम्म हलत नाहीत. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा जुळवून टाकलं. फारुख म्हणाला, "चूक माझी आहे. पहिलं नाव माझं." त्यावरून पुन्हा भांडण.

मॅडमना बोलवायला गेलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि त्या नुकत्याच आल्या होत्या. सगळं ऐकलं. चष्मा पुसला.

"छान काम केलंत. हे छापून येऊन मात्र चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "थांब, नाव आठवेल मला त्या लोकांचं."

माझा चेहरा बघून त्यांना हसू आलं. "अगं, तोंड काय पाडतेस? आपल्या हाताने दिसलं ना? वाचलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. चल, दाखव मला."

त्या मायक्रोस्कोपपाशी येऊन बसल्या. डोळे लावले. उजवा हात कडेच्या चाकाकडे गेला. ते बारीक चाक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून केसभर फिरवायचं असतं. मॅडमनी चिमूट केली. ती जुळेना. पुन्हा केली. मग हात हळूच मांडीवर ठेवला.

"फोकस तू कर गं," त्या म्हणाल्या.

ज्या बाईने मला या मायक्रोस्कोपवर बसायला शिकवलं, ती मला फोकस कर म्हणत होती. मी चाक फिरवलं. प्रतिमा स्पष्ट झाली.

"वा," त्या म्हणाल्या. "काय माजल्यात!"

"मॅडम," मी म्हणाले, "आधी घातलं असतं तर यातली एकही झाली नसती."

"हो."

"नंतर घातलं की ऐकत नाहीत."

"नाही ऐकत. एकदा लागलं की लागलं."

"मॅडम, तुमची डॉक्टरची वेळ कधीची आहे?"

त्यांनी डोळे उचलले नाहीत.

"आहे ना. परवा."

"कुठलं परवा?"

फारुखने मागून माझ्या ओढणीला झटका दिला. आता इथे ओढणी सोडून दुसरं काही धरायचं त्याला सुचलं नसावं. मी मागे बघितलंच नाही. बोलून बसले होते, आता माघार कसली?

"मॅडम, तुम्ही मला तीन वेळा परवा म्हणालात. मला वाटायचं पुढचं. ते सगळं मागच्या परवात गेलं."

आता माझी हकालपट्टीच. माझ्या डोळ्यांसमोर माझं सामान दिसायला लागलं, खोकी, गाद्या, बार्शीची एसटी. मॅडम सावकाश वळल्या.

"डिशमध्ये जे होतं ते माणसात जसंच्या तसं होत नसतं, ढगे. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलंय."

"शिकवलंय. आणि आमवाताला लवकर औषध दिलं तर हाडं वाचतात, हेही शिकवलंय. ते तर डिशमधलं नाही, माणसांतलंच आहे. तुमच्याच तासाच्या टिपणात आहे माझ्या."

"फार बोलतेस."

"हो. पण डिश माझी आहे आणि बोटं तुमची आहेत. डिश मी दुसरी लावीन."

एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. मी आपली पाठ फिरवून नाक पुसत उभी. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि त्या बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटेना.

"माझ्या आईला होतं," त्या म्हणाल्या. "मी शाळेत होते तेव्हापासून. त्या काळी काही नव्हतं गं, शेक आणि मलमं. बोटं अशी एका बाजूला कलली, सगळी. ब्लाउजचे हूक मी लावायचे. वेणी मी घालायचे. आमटीची वाटी दोन्ही मनगटांत धरून प्यायची ती. मी हे काम का घेतलं असं तुम्हाला वाटतं? तीस वर्षं झाली या पेशींच्या मागे आहे. आणि एक दिवस सकाळी उठले तर माझीच मूठ वळेना." त्या थांबल्या. "मी घाबरले. दुसरं काही नाही. डॉक्टरने नाव घेतलं की ते माझं होणार. नाही घेतलं तोवर नुसतं बोट दुखतंय."

इतकी करारी बाई, आणि घाबरले म्हणाली. मी नाक पुसतच राहिले. सुचलं ते फारुखला.

"मॅडम," तो म्हणाला, "रिक्षा आणू?"

"आत्ता?"

"परवाचा भरवसा राहिला नाही ना. माझ्यासारखा कोणी असला तर मागचंच धरून बसेल."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, म्हणून चष्मा काढायला हात वर नेला. चष्मा त्यांनी दोन तळव्यांत धरून काढला. मी तो घेतला, ओढणीने पुसला आणि परत लावून दिला. त्यांनी लावू दिला.

एका रिक्षात आम्ही तिघं. मध्ये मॅडम, मांडीवर पर्स, शाळेत पहिल्या दिवशी निघालेल्या पोरीसारख्या गप्प. सांध्यांची डॉक्टर म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक बाई होती. तिने मॅडमच्या बोटांची मुळं एकेक करून दाबली. मॅडम "स्स" म्हणाल्या.

"कधीपासून आहे?"

मॅडमनी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. "सहा महिने तरी झाले," म्हणाल्या.

"काय करता तुम्ही?"

"हाड खाणाऱ्या पेशींचा अभ्यास."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा त्यांच्या हातांकडे. शहाणी होती, सरळ कामाला लागली. रक्त तपासलं, हातांचे एक्सरे काढले. एक्सरे दिव्यावर लावला तेव्हा आम्ही तिघंही नाक लावून उभे राहिलो, आणि तिच्याआधी मॅडमनीच तो वाचला. हाडांच्या कडा वरून खालपर्यंत, एकेका बोटाच्या. शेवटच्या करंगळीपाशी पोचल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला.

"खाल्लं नाहीये," त्या म्हणाल्या. "ढगे, अजून कुठेच खाल्लं नाहीये."

"हो, अजून नाही," डॉक्टर म्हणाली. "आमवातच आहे. पण वेळेत आलात."

नाव घेतलं गेलं. आभाळ काही कोसळलं नाही. औषधं त्याच दिवशी सुरू झाली.

परतताना मॅडमनी रिक्षा मध्येच थांबवली आणि आम्हाला दोघांना उसाचा रस पाजला. आलं घालून. फारुखने दोन ग्लास घेतले. "चूक त्याची होती ना," मॅडम म्हणाल्या, "त्याला दोन."

औषधांनी लगेच काही जादू झाली नाही. त्यांना पित्त व्हायचं, केस गळले, मधूनच चिडचिड. "असली औषधं घेण्यापेक्षा बोटं परवडली," असंही एकदा म्हणाल्या. पण हळूहळू सकाळची आखड उतरायला लागली. एके दिवशी मी लॅबमध्ये आले तर दार उघडं, दिवे लागलेले आणि मॅडम आधीच हजर. मनगटावर घड्याळ. मी फारुखला खूण केली. चार वाजता तो भिंतीचा बोर्ड खाली घेऊन ओल्या फडक्याने पुसत बसला होता.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मी आता सोलापूरला कॉलेजात शिकवते. फारुख परदेशात जाऊन आला आणि मिरजेलाच स्थिरावला. तिकडच्या त्याच्या विद्यार्थ्यांना परवा म्हणायला बंदी आहे, वार सांगावा लागतो. मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या. पंच्याहत्तरी उलटली. औषध अजून चालू आहे, गुडघा कधीमधी कुरकुरतो, पण पुण्याला गेले की त्यांच्या घरी गेल्याशिवाय मी परतत नाही.

मागच्या खेपेला गेले तर दार त्यांनीच उघडलं. केसांचा अंबाडा, आता पूर्ण पांढरा, पण घट्ट. दिवाणखान्यात बोर्ड मांडून तयार. चहासुद्धा नंतर.

"ये, ये. तुझी विकेट काढते."

खेळ रंगात आला. माझ्याही सोंगट्या बऱ्यापैकी गेल्या होत्या. आणि राणी नेमकी येऊन बसली डाव्या भोकाच्या ओठावर. मॅडमनी स्ट्रायकर ठेवला. मी खेळ बघायचा सोडून त्यांचा हातच बघत राहिले. वयाच्या सुरकुत्या आणि उठलेल्या शिरा असल्या, तरी पाचही बोटं सरळ होती. तर्जनी मागे गेली, टचकन आवाज झाला आणि राणी आत. पाठोपाठ कव्हरची सोंगटीही.

"बघतेस काय अशी?" त्या म्हणाल्या. "पावडर जास्त झाली का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग हरलीस. आता परत कधी येणार?"

"परवा," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुठलं गं?"

"पुढचं," मी म्हणाले आणि सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.